राबातली लाल राख

गंधकाचा धूर आधी दातांना कळतो. कच्ची कैरी खाल्ल्यासारखे दात आंबतात, मग घसा धरतो आणि मग जो खोकला सुरू होतो तो काही केल्या थांबत नाही. लग्नाआधी हे मला कुणी सांगितलं असतं तर मी तळेगावातच बसून राहिले असते, असं मी पुढे कितीदा तरी ह्यांना ऐकवलं. हे हसायचे. हसता हसता खोकायचे.

लढाईचे दिवस होते. तांबं-पितळ बाजारातून गडप झालं होतं. बोहारणीच्या पाटीतला फुटका तांब्यासुद्धा तोऱ्यात मिरवत होता. लोणावळ्याला बंगला असलेल्या एका शेठजींनी ही संधी हेरली आणि मळवली स्टेशनापासून जरा आत, डोंगराच्या पायथ्याशी तांब्याची भट्टी घातली. भट्टीवर शिकलेला माणूस हवा होता. हे पुण्याला रसायनशास्त्र शिकून नोकरीसाठी चपला झिजवत होते. त्यांना वाटलं, देव पावला. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू?

भट्टी मळवलीलाच का, असं मी एकदा विचारलं. हे म्हणाले, "स्टेशन जवळ, वॅगनमधून दगड उतरवायला सोयीचं. डोंगरात लाकूडफाटा मुबलक. शहरात असला धूर कोण काढू देणार?" चौथं कारण त्यांनी सांगितलं नाही, ते माझं मला कळलं. वारा पश्चिमेचा असतो. म्हणजे लोणावळ्याकडून आमच्याकडे. हवा खायला येणाऱ्यांची हवा शाबूत राहिली, आणि आमच्या वाट्याला काय आलं ते माझ्या तुळशीला विचारा. एका उन्हाळ्यात तिच्या तीन पिढ्या वाळल्या.

दगड कुठून तरी लांबून यायचा. पिवळा, चकचकीत, उन्हात धरला तर सोन्याचा तुकडा वाटावा. पहिल्याच आठवड्यात मी त्यातला एक छानसा तुकडा उचलून देवापाशी ठेवला. ह्यांनी संध्याकाळी पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अगं, उचल तो. त्यात सोनं नाही. तांबं आहे, लोखंड आहे आणि गंधक आहे."

"मग काढा की तांबं, कुणी अडवलंय?"

"गंधकानं अडवलंय. तो तांब्याला मिठी मारून बसलेला असतो. तसाच दगड भट्टीत टाकला तर सगळा रेंदा होतो, धड तांबं नाही धड काही नाही. म्हणून आधी दगड भाजायचा. वितळू द्यायचा नाही, नुसता भाजायचा. गंधक धूर होऊन निघून गेला की तांबं भट्टीत सुटतं."

हे भाजणं म्हणजे काय ते मी रोज बघत होते. जमिनीवर लाकडाचा थर, वर फोडलेल्या दगडाचा थर, पुन्हा बारीक लाकूड, पुन्हा दगड, आणि सगळ्यावर दगडाचा चुरा थापलेला. खालून पेटवून दिलं की ढीग आतल्या आत धुमसत राहायचा. एकदा लाकूड जळून गेलं की गंधकच जळायला लागायचा. तिन्हीसांजेला ढिगाच्या भेगांमधून निळ्या जिभा दिसत. आठवडेच्या आठवडे हे चालायचं. हे दिवसातून दहादा ढिगाभोवती फिरत, कुठं भेग बुजवा, कुठं वारा लागू द्या, असं सांगत. आग जास्त झाली तर दगड वितळून गोळा व्हायचा, कमी झाली तर गंधक आतच राहायचा. ढीग निवला की दगड तांबडा, ठिसूळ होऊन निघे. त्यातले धड तुकडे भट्टीत जात आणि खाली उरलेला भुगा, लाकडाची राख मिसळलेला, बाजूला टाकत. गेरूसारखा लालभडक. सगळे त्याला लाल राखच म्हणत. तिची टेकडी वाढत चालली होती.

आम्ही राहत होतो मावशीच्या घरात. मावशी म्हणजे गावातली एक विधवा शेतकरीण, पन्नाशीची, मूलबाळ नाही. घराची पुढची बाजू तिनं आम्हाला दिली होती आणि मागच्या खोलीत ती, एक म्हैस आणि तिच्या कोंबड्या, असा तिचा संसार. अंगानं काटकुळी, पण आवाज असा की बांधावरून हाक मारली तर गाडी पकडायला निघालेला माणूस वळून बघायचा. मी नवी नवी होते तेव्हा चुलीपुढे माझी फजिती बघून म्हणाली होती, "अगं बाई, फुकनी उलटी धरलीस! नवरा डोंगर जाळतोया आन् बायकूला चूल पेटत न्हाई." मला राग आला होता. पण मग मलाच हसू फुटलं, आणि तिथून आमचं जमलं ते जमलं.

तिचं एकच भाताचं खाचर होतं, भट्टीच्या खालच्या अंगाला. त्या खाचराची एक गोष्ट होती आणि ती सगळ्या गावाला ठाऊक होती. मावशीचा नवरा गेला तेव्हा तिच्या धाकट्या दिरानं जमीन मागितली. बाईमाणूस, मागं कुणी नाही, करणार कशी? देवळात जुनी मंडळी बसली. त्यांनी ठरवलं की जोवर ही बाई खाचर लावते तोवर खाचर तिचं. ज्या साली ते पड राहील त्या सालापासून ते दिराचं, नांगर त्यानं घालायचा, आणि मग त्यानं तिला जन्मभर पोटाला धान्य द्यायचं. लोकांना वाटलं, फार चांगला निवाडा झाला. बाई उपाशी मरणार नाही.

"उपाशी कोन मरतंय?" मावशी मला म्हणाली होती. "पर त्याच्या दारात सूप घिऊन उभं ऱ्हायाचं? त्याच्या बायकूनं मापून घालायचं आन् म्या पदर पसरायचा? त्यापरीस उपास बरा." तेव्हापासून दरसाल ती खाचर लावत आली होती. तापानं फणफणलेली असताना लावलं, हाताला विंचू चावला त्या साली लावलं. दीर दरसाल आवणीच्या, म्हणजे भाताची रोपं लावण्याच्या दिवसांत बांधावरून एक फेरी मारायचा. बोलायचा काही नाही. नुसता बघायचा आणि जायचा.

आता राबाची गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. मावळात भाताचं बी तसंच मातीत टाकत नाहीत. उन्हाळ्यात जमिनीचा एक तुकडा भाजून काढतात. शेण, पालापाचोळा, झाडांचे टहाळे असे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि वाऱ्याचा रोख बघून पेटवायचं. सगळं सावकाश धुमसून जळतं. जमीन भाजते, तणाचं बी मरतं, राख मातीत मिसळते. ह्याला राब म्हणतात. पाऊस लागला की त्याच राबात बी टाकायचं, रोपं वर आली की उपटून खाचरात लावायची. राब नीट भाजला नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. मावळातल्या माणसाला विचारा, भाजल्याशिवाय जमीन देत नाही ही गोष्ट त्याच्या हाडीमाशी खिळलेली असते.

आणि त्या साली राब भाजायला काहीच उरलं नाही! सगळा लाकूडफाटा भट्टीनं गिळला होता. शेठजींचा मुकादम दारोदार फिरून टहाळे, फांद्या, गोवऱ्या, सगळं उचलत होता आणि रोकडा देत होता. लढाईच्या महागाईत रोकडा कोण सोडतो? लोकांनी राबासाठी रचून ठेवलेल्या भाऱ्यांसकट सगळं विकलं. मावशीनंही विकलं आणि त्या पैशांतून घराची कौलं शाकारून घेतली. एकट्या दिरानं नाही दिलं. मुकादमाला त्यानं दारातूनच वाटेला लावलं. म्हणाला, "शेटच्या सरनाला माजं लाकूड न्हाई." तेव्हा गाव त्याला हसलं होतं.

चैत्र सरला, वैशाख सरत आला, आणि लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. राबात घालायचं काय? कुणी थोडं गवत जाळलं, कुणी जुनं छप्पर मोडून जाळलं. आणि मग भट्टीवर दगड फोडायला जाणाऱ्या बायकांपैकी कुणाच्या तरी डोक्यात आलं की एवढी राखेची टेकडी पडली आहे ती कशासाठी? चांगली भाजलेली. गावातला राब सकाळी पेटवला तर संध्याकाळी निवतो, आणि ही राख तर आठवडेच्या आठवडे आगीत होती. म्हणजे कितीतरी जास्त कसदार असणार. दुसऱ्या गावच्या लोकांच्या मनात हे आलंही नसतं, त्यांनी तो दगडाचा भुगा पाहून नाक मुरडलं असतं. पण आमच्या मावळकरांना भाजलेलं दिसलं की त्यांचे हात शिवशिवायला लागतात.

मुकादमाला काय, ढीग आपोआप हलतोय म्हणून तो खूश. "न्या, न्या, लागंल तेवढी न्या." ह्यांनी बायकांना पाट्या भरभरून नेताना पाहिलं होतं. त्यांना वाटलं, अंगणात, वाटेवर टाकायला नेत असतील. राब हा शब्दसुद्धा ह्यांना ठाऊक नव्हता. पुण्याच्या पेठेत वाढलेल्या माणसाला तो कुठून कळणार?

मावशी डोक्यावर पाटी घेऊन आली तेव्हा मी अंगणात पापड वाळत घालत होते. तिचे हात, पदर, कपाळ, सगळं लाल झालं होतं.

"मावशी, होळी खेळलात की काय?"

"तुज्या नवऱ्याची राख हाय ही," ती म्हणाली आणि मग आपण काय बोललो ते उमगून जीभ चावली. "अगं बया! जळ्ळं माजं त्वांड. भट्टीची गं, भट्टीची. राबाला घालती."

आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. गावात त्या राखेवर एवढं हसलेल्या आम्ही दोघीच असू.

पाऊस लागला. बी टाकलं. आठ-दहा दिवसांत राबावर हिरवी लव दिसायला लागली. मावशी सकाळ-संध्याकाळ जाऊन बघून यायची. मग एक दिवस ती आली ती पाय न धुताच चुलीपाशी बसली. मी विचारलं तर म्हणाली, "पिवळं पडाया लागलंय." मी म्हटलं, ऊन पडलं की सुधारेल. ऊन पडलं, पण रोप सुधारलं नाही. बोटभर वाढलेलं रोप तिथंच थिजलं, टोकाकडून करपत गेलं. ज्यानं ज्यानं लाल राख घातली होती त्याचा त्याचा राब असाच पिवळा. काहींनी थोडी घातली होती त्यांचं थोडं जगलं. मावशीनं प्रेमानं सगळ्यात जास्त घातली होती.

त्या संध्याकाळी मी ह्यांना हाताला धरून राबावर नेलं. हे खाली बसले, माती चिमटीत घेतली, जिभेला लावली आणि थुंकले. माझ्याकडे बघितलं तेव्हा ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ही राख इथं कुणी आणली?"

"सगळ्यांनी आणली. तुमच्या डोळ्यांदेखत आणली."

"अगं, ही राख नव्हे!" हे जवळजवळ ओरडलेच. "ह्यात तांबं राहिलेलं असतं. भाजलेल्या दगडातलं थोडं तांबं आणि थोडा गंधक मिळून पाण्यात विरघळणारा मोरचूद होतो. मोरचूद मुळांना लागला तर रोप जगेल का?"

मावशी शेजारीच उभी होती. मोरचूद तिला माहीत होता, म्हशीच्या खुरांना लावायचा. तिनं एकदा राबाकडे बघितलं, एकदा भट्टीकडे, आणि म्हणाली, "भाजल्यालं हाय म्हनून आनलं ओ सायेब. भाजल्यालं कधी इख असतंय व्हय?"

हे पुन्हा वाकले आणि एक पिवळी काडी मुळासकट उपटून बघायला लागले.  कुणावर रागवावं तेच मला कळेना, आणि मला तर रागवायला कुणीतरी लागतं.

दुसऱ्या दिवशी हे सकाळच्या गाडीनं लोणावळ्याला शेठजींकडे गेले. शेठजी व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेतात टाका असं आपण सांगितलं होतं का?" नव्हतं सांगितलं. "मग?" त्या एका 'मग'पुढे ह्यांचं सगळं शिक्षण संपलं. घरी येऊन पानावर बसले आणि न जेवता उठले. मी शेठजींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हे म्हणाले, "त्यांचं चुकीचं नाही गं, तेच तर." मला असं बोलणं मुळीच सहन होत नाही. चुकीचं नसेल तर मग ते राब कशानं जळाले, माझ्या पापडांनी?

पुन्हा बी टाकायचं तर घरात बी उरलं नव्हतं आणि हातात दिवसही नव्हते. गावात रोप मागावं तर ज्याला त्याला आपलंच पुरेना. हिरवागार राब एकाचाच होता. दिराचा. त्यानं लाकूड विकलं नव्हतं, राब नेहमीसारखा भाजला होता, त्याला लाल राखेची गरजच पडली नव्हती. त्याच्याकडे रोप उरून पुरत होतं.

आणि तो आला. भर पावसात डोक्यावर इरलं घेऊन आला आणि अंगणातच उभा राहिला. मी दारात होते. आतून मावशी उठून आली.

"वयनी, रोप लागंल तेवढं न्या. म्या काढून ठिवतो."

मावशीनं पदर डोक्यावर नीट घेतला. "बगू, भावजी."

"बगू काय? आवनीचं दिस निगून चाललं."

"बगू म्हनलं न्हवं?"

त्यानं इरलं सावरलं आणि तो गेला. मी मावशीवर उखडले. म्हटलं, "आपणहून देतोय तर घ्या की! कसला एवढा ताठा?"

"तुला न्हाई कळायचं, पोरी," ती म्हणाली. "आज त्याच्या रोपानं खाचर लावलं की पुढल्या साली गाव म्हनंल, रोप त्याचं, मग नांगर त्याचा का नगं? आन् गाव न्हाई म्हनलं तरी मला रोज दिसंल ना. येकेक काडी त्याची."  तिला इतकं घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

बेडशाला तिचा भाऊ होता. डोंगराच्या पलीकडे, पवनेच्या अंगाला. त्याच्याकडे रोप मिळेल म्हणून ती निघाली, आणि हे म्हणाले, मी येतो बरोबर. मी अडवलं नाही. काहीतरी करायला मिळाल्याशिवाय ह्यांच्या घशाखाली घास उतरणार नव्हता. दोघं धुक्यातून डोंगर चढून गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. दोघांच्या डोक्यावर रोपांच्या ओल्या जुड्या होत्या. हे चिखलात कुठंतरी घसरून पडले होते, चष्म्याची एक काच गेली होती. पण भावाकडेही उरलेलं होतं ते एवढंच. खाचराचा वरचा एक पट्टा लागेल, बाकी मोकळं.

मावशी त्या जुड्या पाण्यात ठेवून खाचराच्या बांधावर बसून राहिली. मी तिला चहा घेऊन गेले. पाऊस जरा उघडला होता. ओढ्याच्या काठानं एक गवत माजलेलं होतं, भातासारखंच दिसणारं. निंदणी करताना जुन्या बायकांचीसुद्धा त्याच्यापुढे फसगत होते म्हणतात. पान तसंच, रंग तसाच, फक्त दाणा भरत नाही. मावशी त्याच्याकडे एकटक बघत होती.

"पोरी," ती म्हणाली, "लावलेलं असलं म्हंजी झालं ना? लोक बांधावरून बगत्यात."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. मी म्हटलं, "मावशी, गवत लावायचं?"

"लावायचं."

"आणि खायचं काय?"

"खायाचं बगू. मोलमजुरी काय पळून गेली न्हाई. पर खाचर पड ऱ्हायलं असं कुनी म्हनायचं न्हाई."

शेजारपाजारच्या बायका आल्या. कुणाला काही सांगावं लागलं नाही. दरवर्षी आवणीला बायका गाणी म्हणतात, आरडाओरडा करतात, एकमेकींवर चिखल उडवतात. त्या दिवशी कुणी गायलं नाही. वरच्या वाटेच्या कडेनं बेडशाची खरी रोपं लावली आणि त्याच्या मागे ओळींमागून ओळी गवताच्या. मी कासोटा घालून गुडघाभर चिखलात उतरले. मला कुठं काय लावता येत होतं? एक खेकडा बोटाला डसला तेव्हा मी एवढ्यानं किंचाळले की एक तरणी पोर खुदकन हसली आणि मग तिला हसू आवरेना. तिची सासू तिच्यावर डाफरली. मावशी मात्र मान वर न करता लावत होती, आणि प्रत्येक काडी खऱ्या भातासारखी, दोन बोटांनी नीट दाबून. मी मनात म्हटलं, बाई, निदान गवत तरी जरा हयगयीनं लावा. मला तिचा इतका राग आला आणि इतकं रडू आलं की दोन्ही एकदमच झालं.

श्रावण लागला तेव्हा खाचर हिरवंगार झालं होतं. लांबून बघणाऱ्याची दृष्ट लागेलसं. भट्टीचे ढीग पावसानं भिजून बंद होते, धूर नव्हता, हवा स्वच्छ होती. एके सकाळी दीर फेरीला आला, आणि त्या साली त्याच्याबरोबर देवळात निवाडा केलेल्यांपैकी दोन म्हातारेही होते. गावात कुजबुज झालीच होती, लाल राखेनं हिचा राब सगळ्यात जास्त गेला, तरी खाचर लागलं कसं? मावशी नि मी बांधालगतच्या एका गोठ्याच्या भिंतीआडून बघत होतो. तिनं माझं मनगट असं घट्ट धरलं होतं की बांगडी पिचली.

म्हातारे वाटेवरच थांबले. एकाला धड दिसत नव्हतं, दुसऱ्याला चिखलात उतरायचं नव्हतं. दीर मात्र बांधावरून आत चालत गेला. खऱ्या भाताचा पट्टा ओलांडून गेला. थांबला. वाकला. एक काडी उपटली, ती नखानं सोलून बघितली. जन्मभर भात केलेला माणूस तो. त्याला ओळखायला एक पान पुरे होतं.

"काय म्हनतोय भात?" वाटेवरून एका म्हाताऱ्यानं विचारलं.

दिरानं काडी पाण्यात टाकली. हात धोतराला पुसला. म्हणाला, "चांगला हाय, आबा. वयनीनं लावलाय चांगला." आणि तो म्हाताऱ्यांना घेऊन निघून गेला.

मी आनंदानं मावशीला मिठी मारायला वळले. ती भिंतीला टेकून खाली बसली होती. चेहरा असा की घरातलं कुणी गेलं असावं.

"अहो, वाचलं ना खाचर!"

"त्यानं वळखलं," ती म्हणाली.

"ओळखलं, पण बोलला नाही! भला माणूस निघाला."

"त्यानं भांडाया पायजे हुतं गं. चार लोकांत म्हनाया पायजे हुतं, की ही बाई खोटी हाय. म्या भांडले असते. त्याची आय-माय काढली असती. आता खाचर त्यानं दान घातल्यावानी झालं. काय करू?"

मी तिची समजूत घालायचा केवढा प्रयत्न केला! ऐकेल तर ती मावशी कसली? त्या माणसाच्या मनात खरंच दया होती की आणखी काही, ते मला अजूनही कळलेलं नाही. तो कधी ह्या गोष्टीचा उल्लेख करायचा नाही. वाटेत भेटला की नेहमीसारखी मान हलवून पुढं जायचा. पण तो दिसला की मावशी वाट बदलायची. पाण्याला जायची वेळ तिनं बदलली. देवळात जाणं सोडलं. गवत निसवून तुऱ्यांवरून ओळखू यायच्या आत तिनं ते कापून म्हशीला घातलं, आणि हिवाळाभर दुसऱ्यांच्या शेतांवर राबली. तिचा तो खणखणीत आवाज कुठं गेला कोण जाणे. मी भांडण उकरून काढायची, मुद्दाम तिच्या म्हशीला नावं ठेवायची. ती नुसतं "व्हय, व्हय" म्हणायची.

हे तोवर दुसरी नोकरी शोधायला लागले होते. भट्टीतून शेठजींना हवं तेवढं तांबं निघत नव्हतं, आणि ह्यांचं तिथलं मन उडालं होतं. पुढल्या उन्हाळ्यात आमची जायची तयारी चालू होती. गावात पुन्हा राबाचे दिवस आले. ह्या खेपेला कुणी लाकूड विकलं नव्हतं, जो तो टहाळ्यांचे भारे आणून रचत होता. मावशी मात्र डोंगराकडे फिरकली नाही. मी तिला दोनदा टोकलं. मग एका सकाळी तिनं स्वतःच मला म्हटलं, "चल जरा माज्यासंगं," आणि ती मला घेऊन दिराच्या दारात गेली.

तो अंगणात नांगराचा फाळ ठोकत बसला होता. तिला बघून उठला. त्याची बायको आतून दारात आली. आपल्या लग्नापासून मावशीला त्या अंगणात पाय ठेवताना तिनं पाहिलं नसावं.

"भावजी," मावशी म्हणाली, "यंदापासनं खाचरात नांगर तुमीच घाला."

त्यानं हातोडा खाली ठेवला. तो काकुळतीला आल्यासारखा म्हणाला, "वयनी, म्या कधी काय बोललो का?"

"न्हाई बोललासा," मावशी म्हणाली. "म्हनून तर."

मग तिनं पदराखालचं सूप काढलं आणि त्याच्या बायकोपुढं धरलं.